म्हैस लाखाची, मदत साडेसदतीस हजारांची : जनावरांच्या आपत्ती-मदतीचे गणित

जुलै उजाडला की कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या निपाणी आणि चिकोडी तालुक्यांतील नदीकाठच्या गावांचे लक्ष दोन गोष्टींकडे लागते : घाटमाथ्यावर पाऊस किती झाला, आणि जत्राट–भिवशी, कारदगा–भोज, मलिकवाड–दत्तवाड, कल्लोळ–येडूर यांच्यामधले बंधारे व कमी उंचीचे पूल पाण्याखाली गेले का. वेदगंगा, दूधगंगा आणि कृष्णा यांचे पाणी एकाच वेळी चढू लागले की आधी रस्ता तुटतो, मग गोठ्यात पाणी शिरते. माणसांना बोटीतून बाहेर काढता येते, पण व्यायला झालेली म्हैस बोटीत बसत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षांच्या पुरांनी हे या भागाला शिकवले आहे.

पूर ओसरला की मदतीच्या याद्या लागतात आणि त्यांच्यापुढे उभे राहून लोक तेच प्रश्न विचारतात. सव्वा लाखाच्या म्हशीला साडेसदतीस हजारच कसे मिळाले? पाच जनावरे गेली असताना तीनच का धरली? शेजाऱ्याला मिळाले, मग मला का नाही? पलीकडच्या, महाराष्ट्रातील शिरोळ तालुक्यातील पाहुण्याला वेगळी रक्कम कशी मिळाली? या प्रश्नांमागे कोणाची तरी लबाडी असेलच असे नाही. बहुतेकांची उत्तरे नियमांतच आहेत. मात्र तो नियम मराठीत कोणी समजावून सांगत नाही आणि कन्नडमधला कागद बऱ्याच जणांना पुरता वाचता येत नाही.

‘परिहार’ म्हणजे नेमके काय

आपल्याकडे या पैशाला सरसकट ‘नुकसानभरपाई’ म्हणतात. सरकारी कन्नड कागदावर ‘परिहार’ हा शब्द असतो आणि कन्नडमध्ये तो मदत व भरपाई या दोन्ही अर्थांनी चालतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र ही भरपाई नाही, मदत आहे. हा फरक एकदा लक्षात आला की पुढची बरीचशी कोडी सुटतात.

एखाद्याच्या गोठ्याला आग लागून दोन म्हशी गेल्या, तर भावकी आणि गल्लीतले लोक वर्गणी काढतात. कोणी पाचशे देतो, कोणी दोन हजार, कोणी कडब्याच्या शंभर पेंढ्या आणून टाकतो. ती वर्गणी म्हणजे म्हशींची किंमत नव्हे आणि ती तेवढी भरत नाही म्हणून कोणी वर्गणी काढणाऱ्याला दोष देत नाही. तो माणूस पुन्हा उभा राहावा एवढाच तिचा हेतू असतो. भरपाईची गोष्ट वेगळी. कोणाच्या ट्रॅक्टरने आपली म्हैस मारली तर त्याने तिची पूर्ण किंमत मोजावी, असा आपला हक्क असतो, कारण नुकसान त्याने केलेले असते. पुराच्या बाबतीत सरकार स्वतःला वर्गणी काढणाऱ्या गल्लीच्या जागी धरते, ट्रॅक्टरवाल्याच्या जागी नाही.

धरणांतील पाणी सोडण्याचे वेळापत्रक चुकल्यामुळे पूर आला, असे म्हणणारे लोक कृष्णाकाठी पुष्कळ आहेत आणि तो वाद गंभीर आहे. पण तो वेगळ्या दरवाजाचा वाद आहे. तहसीलदारांकडे येणारी मदत दोष कोणाचा हे विचारत नाही आणि म्हणूनच ती दोषाची किंमतही देत नाही.

पैसा कोणत्या डब्यातून येतो

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार प्रत्येक राज्यात एक ‘राज्य आपत्ती प्रतिसाद निधी’ असतो. आपण त्याला राज्याचा डबा म्हणू. कर्नाटकासारख्या राज्याच्या डब्यात पडणाऱ्या प्रत्येक चार रुपयांपैकी तीन केंद्राचे आणि एक राज्याचा असतो. आपत्ती मोठी असून हा डबा पुरणार नसेल, तर राज्य केंद्राकडे निवेदन पाठवते, केंद्राचे पथक पाहणी करून जाते आणि मग राष्ट्रीय निधीतून जादा रक्कम मंजूर होऊ शकते.

तीन रुपये केंद्राचे असल्यामुळे कशाला किती द्यायचे याची यादीही केंद्राचे गृह मंत्रालय ठरवते. राज्याला तिच्यापेक्षा जास्त द्यायचे असेल तर ते द्यायला मोकळे आहे, पण वरचा पैसा त्याने स्वतःच्या तिजोरीतून घालायचा असतो. २०१९ च्या पुरानंतर हे आपल्या डोळ्यांसमोर घडले. पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला केंद्राच्या यादीप्रमाणे ९५,१०० रुपये बसत होते आणि कर्नाटक सरकारने पाच लाख जाहीर केले. कुटुंबाला तातडीने मिळालेल्या दहा हजारांतही यादीतले ३,८०० होते, उरलेले राज्याचे होते. आपल्याला कमी मिळाले असे वाटते तेव्हा प्रश्न यादीचा आहे की राज्याने वर काही न घातल्याचा, हे आधी पाहिले पाहिजे, कारण दोन्हींसाठी दाद मागायची जागा वेगळी आहे.

मागणी आणि मंजुरी यांत केवढे अंतर पडते हे २०२३ च्या दुष्काळात दिसले. राज्यातील २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी जाहीर झाले आणि कर्नाटकाने केंद्राकडे सुमारे १८,१७१ कोटी रुपये मागितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २०२४ मध्ये सुमारे ३,४५४ कोटी मिळाले. राज्य आपले सगळे नुकसान मोजते, केंद्र मात्र यादीत बसणारी मदत मोजते. गावातल्या एका गोठ्याचे जे होते तेच पूर्ण राज्याचे होते.

यादीत जनावरांचा भाव काय

२०२२-२३ ते २०२५-२६ या वर्षांसाठी केंद्राने ठरवलेल्या यादीप्रमाणे दुभती गाय किंवा म्हैस दगावली तर ३७,५०० रुपये, शेळी किंवा मेंढीला ४,००० रुपये, बैलाला ३२,००० रुपये आणि वासरू, कालवड किंवा रेडी यांना २०,००० रुपये मिळतात. घराला लागून असलेला गोठा पडला तर त्याचे ३,००० रुपये आहेत. कोंबडीला १०० रुपये आहेत, पण एका कुटुंबाला एकूण १०,००० च्या वर नाहीत.

आधीच्या यादीत दुभत्या जनावराला ३०,००० आणि बैलाला २५,००० होते. ती यादी २०१५ पासूनची होती. म्हणजे सात वर्षांनी म्हशीमागे साडेसात हजार वाढले. सरकी पेंडीच्या पोत्याचा भाव ज्याला महिन्याला मोजावा लागतो त्याला ही वाढ किती अपुरी आहे हे सांगायला नको.

यादीतील मर्यादा मात्र भल्याभल्यांना उमगत नाही. एका कुटुंबाला जास्तीत जास्त तीन मोठी दुभती जनावरे, किंवा तीस शेळ्या-मेंढ्या, किंवा ओढकामाची तीन मोठी जनावरे, किंवा त्या वर्गातली सहा लहान जनावरे एवढ्यांचीच मदत मिळते, मग प्रत्यक्षात कितीही दगावलेली असोत. तीन म्हशींचे होतात १,१२,५००. तीस शेळ्यांचे १,२०,०००. तीन बैलांचे ९६,०००. सहा वासरांचे १,२०,०००. चारही आकडे लाखाच्या आसपास येतात. म्हणजे यादी जनावरे मोजते असे दिसत असले, तरी तिच्या पोटात हिशेब कुटुंबाचा आहे : एका चुलीला साधारण लाखभर रुपये, एवढा. पाचव्या म्हशीचे पैसे कोणी खाल्ले, असा संशय घेण्याआधी हे गणित मांडून पाहावे.

आठ-दहा म्हशींचा गोठा करून दूध संस्थेला रोज दोन वेळा दूध घालणाऱ्या तरुणाच्या दृष्टीने मात्र ही मर्यादा फार जाचक आहे आणि माझ्या मते ती बदललीच पाहिजे. कुटुंबाकडे दोन-तीन जनावरे असायची त्या काळचा हा हिशेब आहे. आता कर्ज काढून गोठा उभा करणाऱ्याचे नुकसान कर्जाच्या हप्त्यांसह होते, आणि यादीला हप्ते दिसत नाहीत. कुक्कुटपालनाचेही तसेच. पाच हजार पक्ष्यांच्या शेडला मिळणारे दहा हजार रुपये म्हणजे पक्ष्यामागे दोन रुपये. त्यातून कंपनीशी करार करून पक्षी वाढवणाऱ्यांच्या बाबतीत पक्षी कंपनीचे असतात, त्यामुळे मालक कोण हा प्रश्न वेगळाच उभा राहतो.

अजून एक अट आहे. जनावर ‘उत्पादक’ असले पाहिजे, म्हणजे दूध देणारे, ओढकामाचे किंवा त्या मार्गावर असलेले. म्हातारा, कामातून सुटलेला बैल घरच्यांना कितीही जिवाभावाचा असला तरी या व्याख्येत बसणे अवघड जाते. भाकड पण गाभण म्हशीवर वाद होऊ शकतो. अशा वेळी ती कोणत्या महिन्यात भरवली याची पशुवैद्यकीय दवाखान्यातील नोंद आणि दूध संस्थेची जुनी बिले फार कामाला येतात.

वीज पडली, शॉक बसला, बिबट्याने नेले : हे सगळे एकच का नाही?

जनावर गमावणाऱ्याला मरण कशाने आले याने काही फरक पडत नाही, गोठ्यातले दावे रिकामे ते रिकामेच. पण प्रत्येक कारणाचे दार वेगळे आहे.

केंद्राच्या यादीत पूर, दुष्काळ, भूकंप, आग, गारपीट, ढगफुटी, दरड कोसळणे, चक्रीवादळ अशा ठरावीक बारा आपत्ती आहेत. वळिवाच्या पावसात झाडाखाली बांधलेल्या बैलांवर वीज पडते, ती या बारांत नाही. मात्र राज्याला आपल्या डब्यातील दहा टक्क्यांपर्यंत रक्कम स्थानिक आपत्तींसाठी वापरता येते, त्यासाठी राज्याने ती आपत्ती अधिसूचित केलेली असावी लागते. पुराच्या पाण्यात पडलेल्या तारेचा शॉक बसून जनावर मेले तर विषय वीज कंपनीकडे, म्हणजे आपल्याकडे हेस्कॉमकडे जातो, आणि तिथे विद्युत निरीक्षकांचा अहवाल लागतो. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्याच्या बाजूच्या गावांत वाघाने किंवा बिबट्याने जनावर मारले, तर ते काम वन खात्याचे. त्या वेळी मेलेले जनावर हलवण्याआधी वनरक्षकाला दाखवले पाहिजे.

रोगाने मरणे हे आणखी वेगळे. पूर ओसरल्यावर चिखलातून घटसर्प आणि फऱ्या पसरतात. मालकाच्या मते म्हैस पुरामुळेच मेली, आणि व्यवहारात ते खरेही असते. पण शवविच्छेदनाच्या अहवालात कारण रोग असे आले की पूरमदतीचे दार बंद होण्याची शक्यता असते. पावसाळ्याआधी लस टोचून घेणे आणि तिची नोंद ठेवणे यासाठीसुद्धा महत्त्वाचे आहे. कर्नाटकात जनावर दगावल्यास मदत देणारी ‘अनुग्रह’ नावाची राज्याची वेगळी योजना आहे. तिच्यातील रक्कम २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात मोठ्या जनावरासाठी दहा हजारांवरून पंधरा हजार आणि शेळी-मेंढीसाठी पाच हजारांवरून साडेसात हजार करण्यात आली. पूरमदतीत न बसणाऱ्यांनी पशुवैद्यकीय दवाखान्यात तिची चौकशी जरूर करावी.

दूधगंगेच्या अलीकडे आणि पलीकडे

मलिकवाड कर्नाटकात, दत्तवाड महाराष्ट्रात. मधे दूधगंगा. दोन्हीकडे सोयरीक, दोन्हीकडे तोच ऊस आणि त्याच जातीच्या म्हशी. पुराची केंद्रीय यादी दोन्ही राज्यांना सारखीच लागू आहे, त्यामुळे मूळ रकमेत फरक पडत नाही. फरक पडतो तो राज्याने वर काय घातले त्यात, आणि यादीबाहेरच्या संकटांत.

२०२२ च्या लम्पी रोगाचे उदाहरण घेऊ. तो बारा आपत्तींत बसत नव्हता, म्हणून प्रत्येक राज्याने आपला दर ठरवला. महाराष्ट्राने गायीला ३०,०००, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये दिले. कर्नाटकाने गायीला २०,०००, बैलाला ३०,००० आणि वासराला ५,००० ठरवले. एकाच नदीवर पाणी पिणाऱ्या दोन गायींची किंमत नदी ओलांडताच दहा हजारांनी बदलली. त्या वेळी सीमाभागातील पशुपालकांना आपल्यावर अन्याय झाला असे वाटले तर ते समजण्यासारखे आहे. पण तो निर्णय बेंगळुरूत झाला होता आणि गावच्या तलाठ्याच्या हातात त्यातले काही नव्हते.

पुरात आपली जनावरे पलीकडच्या पाहुण्यांकडे नेऊन बांधणे ही इथली जुनी रीत आहे. तिथे जनावर दगावले तर पाहणी जिथे मेले तिथेच व्हावी लागते, आणि ज्या सरकारकडे मदत मागायची ते दुसरे असते. अशा वेळी तिथल्या पशुवैद्यकांचा अहवाल आणि पंचनाम्याची प्रत घेऊन लगेच आपल्या तलाठ्याला व दवाखान्याला लेखी कळवावे. आठवड्याने सांगितलेल्या गोष्टीला पुरावा उरत नाही.

महजर : सगळा खेळ पहिल्या दोन दिवसांचा

महाराष्ट्रात ज्याला पंचनामा म्हणतात त्याला इथल्या महसुली भाषेत महजर असेही म्हणतात. मालक, पंच आणि अधिकारी यांच्या सह्यांचा हा कागद म्हणजे मदतीचा पाया आहे. जनावर कोणते, वय किती, दुभते की भाकड, मेले कशाने, हे त्यात जे लिहिले जाईल तेच पुढे नाडकचेरीतून, म्हणजे तालुक्याखालच्या महसूल कचेरीतून, तहसीलदारांपर्यंत जाते. नंतर कोणी म्हैस पाहायला येत नाही, सगळे हा कागद पाहतात.

तो कन्नडमध्ये असतो, म्हणून सही करण्याआधी वाचून घ्यावा किंवा वाचून दाखवायला सांगावे. निदान काही शब्द प्रत्येक पशुपालकाने ओळखायला शिकावेत : एम्मे म्हणजे म्हैस, आकळु किंवा हसु म्हणजे गाय, एत्तु म्हणजे बैल, करु म्हणजे वासरू, कडसु म्हणजे कालवड, कुरी म्हणजे मेंढी आणि आडु किंवा मेके म्हणजे शेळी. पहिल्यांदा व्यालेल्या तरुण गायीच्या जागी चुकून कडसु लिहिले गेले तर ३७,५०० चे २०,००० होतात. एका शब्दाने साडेसतरा हजार जातात आणि त्यात कोणाचा वाईट हेतू असावा लागत नाही, घाई पुरेशी असते.

कानातल्या पिवळ्या बिल्ल्याकडे अनेक जण दुर्लक्ष करतात. त्यावरचा बारा आकडी क्रमांक म्हणजे त्या जनावराचे आधार. बिल्ला मारताना मालकाचे नाव, गाव, जनावराची जात आणि वय यांची नोंद सरकारी संगणकात होते. पुरात जनावर वाहूनच गेले, अंग सापडलेच नाही, तर ते आपल्याकडे होते हे सिद्ध करायला हा क्रमांक, दूध संस्थेची बिले, लसीकरणाची नोंद आणि शेजाऱ्यांचे जबाब एवढेच हाती राहते. म्हणून पाणी चढायला लागण्याआधी प्रत्येक जनावराचा बिल्ल्यासह फोटो फोनमध्ये असावा. विकत आणलेल्या जनावराचा जुना मालक नोंदीत तसाच राहिलेला असतो. बाजारातून म्हैस आणली की ती नोंद आपल्या नावावर करून घेण्याची सवय लावायला हवी.

अंग सापडले असेल तर दुर्गंधी सुटली म्हणून घाईने पुरू नये. आधी फोटो, मग पशुवैद्यकांना बोलावणे, मग शवविच्छेदन, आणि नंतर खोल खड्ड्यात चुना-मीठ घालून पुरणे, असा क्रम ठेवावा. पशुवैद्यकांना यायला उशीर होणार असेल तर निदान पंचांसमोर सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवावेत.

नावाची अडचण सीमाभागाची खास आहे. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जमा होतात, त्यामुळे नाव जुळावे लागते. आता ज्ञानेश्वर हे नाव घ्या. मराठी माणूस ते इंग्रजीत ‘डी’ने सुरू करतो, कन्नड कागदावरून इंग्रजीत उतरवणारा ‘जे’ने. एकाच माणसाची दोन माणसे होतात. आधार, बँक पासबुक, जमिनीचा उतारा आणि कर्नाटकातील शेतकरी नोंदणीचा ‘फ्रूट्स’ क्रमांक या चारही ठिकाणी इंग्रजी अक्षरे एकसारखी आहेत का, हे पाहायला उन्हाळ्यातला एक दिवस पुरतो.

वैरणीचे पैसे घरी का येत नाहीत

जनावर वाचले तरी वैरण वाहून जाते आणि कडब्याची गंजी कुजते. यादीत चाऱ्यासाठी मोठ्या जनावराला रोज ८० आणि लहानाला ४५ रुपये आहेत, पण ते जनावरांच्या छावणीसाठी. छावणीत बांधलेल्या जनावरांवर तो खर्च होतो, मालकाच्या खात्यात येत नाही. ज्याने आपली जनावरे पाहुण्यांच्या गोठ्यात किंवा उंचावरच्या रस्त्याकडेला बांधली, त्याला त्यातले काही मिळत नाही. सरकारचे म्हणणे असे की विखुरलेल्या जनावरांचा हिशेब ठेवता येत नाही. ते खरे आहे. पण बिल्ल्यांची नोंद आता संगणकावर असताना हा हिशेब अशक्य राहिलेला नाही, आणि नदीकाठच्या ग्रामपंचायतींनी हा मुद्दा ठराव करून वर पाठवावा असे मला मनापासून वाटते.

मग म्हशीची खरी किंमत कोण देणार?

ती विमाच देऊ शकतो. मदत ही गल्लीची वर्गणी, तर विमा हा आधी हप्ता भरून केलेला करार, म्हणून त्यात ठरलेली किंमत मागता येते. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ पासून हप्त्यातील पशुपालकाचा वाटा १५ टक्के ठेवला आहे, बाकीचा भार सरकारे उचलतात. विम्यातही बिल्ला नसेल तर दावा टिकत नाही आणि मृत्यूची खबर कंपनीला लगेच द्यावी लागते. ‘सरकार देणारच आहे, मग हप्ता कशाला’ हा युक्तिवाद पारावर नेहमी ऐकू येतो. त्याचे उत्तर वरच्या आकड्यांतच आहे : सव्वा लाख आणि साडेसदतीस हजार यांच्यामधले साडेसत्त्याऐंशी हजार सरकार देणार नाही.

यादीत नाव नसेल तर

आधी तलाठ्याकडून महजर झाला होता का आणि तो पुढे गेला का, हे विचारावे. झाला असेल तर त्याची प्रत मागावी. मग तहसीलदारांकडे लेखी अर्ज करावा, तिथे दाद लागली नाही तर चिकोडी, बेळगाव किंवा बैलहोंगल यांपैकी आपल्या उपविभागाच्या सहायक आयुक्तांकडे आणि त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे. कन्नड येत नाही म्हणून अर्ज न करणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्याचे फार वाईट वाटते. आपली तक्रार केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम ३५० ने प्रत्येकाला दिला आहे. मराठीत अर्ज लिहावा, काम लवकर व्हावे म्हणून शक्य असल्यास खाली चार ओळी कन्नडमध्ये लिहून घ्याव्यात, बिल्ल्याचा क्रमांक आणि महजराची तारीख न विसरता घालावी, आणि शिक्का मारलेली पोच हातात आल्याशिवाय कचेरीची पायरी उतरू नये.